जॅकार्ड सॉफ्टवेअर आणि जीसीसीचा पहारा : वापरानंतरचा अभिप्राय

सोलापुरात आम्ही तिघे चादरी-टॉवेलांच्या मागांसाठी जॅकार्डचे (नक्षीनुसार ताण्याचे धागे उचलणाऱ्या यंत्रणेचे) सॉफ्टवेअर सी++ या प्रोग्रामिंग भाषेत लिहितो. जीसीसी या कंपायलरच्या (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाच्या) सुरक्षा-तपासण्यांकडे आम्ही वळलो ते एका चादरीमुळे : काही मोजक्याच डिझाइनमध्ये काठाला एक परका धागा उठत असे आणि तीच फाइल दुसऱ्या संगणकावर निर्दोष निघत असे.

कित्येक दिवस हाताने शोधूनही न सापडलेली ही चूक अ‍ॅड्रेस सॅनिटायझर या जीसीसीच्या, प्रोग्राम चालू असताना मेमरीतील चुका पकडणाऱ्या साधनाने पहिल्याच चाचणीत दाखवली. धागे उचलणाऱ्या १३४४ हुकांसाठी मेमरीत १३४४ बाइटांची जागा घेतलेली होती आणि काठाचा हिशेब करणारा आमचा लूप (तेच काम फेरीफेरीने करणारा कोड) एक घर पुढे वाचत होता. तो शेजारचा बाइट बहुतेक वेळा शून्य असल्यामुळे सारे ठीक भासत होते. कोणत्या ओळीत वाचन झाले आणि ती जागा मुळात कोठे घेतली गेली, हे दोन्ही अहवालात स्पष्ट होते. एवढ्या एका गोष्टीसाठी मी या साधनाला पूर्ण गुण देईन.

मात्र त्याची किंमत खरी आहे. दर आठ बाइटांमागे एक बाइट नोंदवहीसाठी, मेमरीत घेतलेल्या प्रत्येक जागेभोवती राखीव पट्टा, मोकळी केलेली मेमरी काही काळ अडकवून ठेवणे, आणि प्रत्येक वाचन-लेखनाआधी एक तपासणी, या साऱ्यामुळे प्रोग्राम साधारण दुप्पट वेळ घेतो आणि मेमरीही बरीच जास्त लागते. मागावरच्या लहान बोर्डावर हे मावणार नाही. शिवाय हे साधन चुका शोधण्यासाठी आहे, ग्राहकाकडे पाठवायच्या प्रोग्रामच्या संरक्षणासाठी नव्हे. किंमत न भरलेले व्हेरिएबल त्याला दिसत नाही, आणि चाचणीत जी वाट चाललीच नाही तिथली चूक तर कोणालाच दिसत नाही.

म्हणूनच ग्राहकाकडे जाणाऱ्या प्रतीतून सगळ्या तपासण्या काढून टाकण्याची आमची जुनी सवय मला आता चुकीची वाटते. आम्ही हुकांचा तो अ‍ॅरे व्हेक्टरमध्ये (आपली लांबी स्वतः जाणणाऱ्या रचनेत) आणला आणि ‘ग्लिबसीएक्सएक्स असर्शन्स’ (अशा रचनांची मर्यादा तपासणारा पर्याय) व ‘स्टॅक प्रोटेक्टर स्ट्राँग’ (फंक्शनच्या स्थानिक मेमरीवरचे अतिक्रमण ओळखणारा पर्याय) कायमचे चालू ठेवले. ‘फोर्टिफाय सोर्स’ही (मेमरीची नक्कल करणाऱ्यासारख्या फंक्शनांत जागेची मर्यादा तपासणारा पर्याय) ठेवले आहे, ते ऑप्टिमायझेशन (कंपायलरने कोड वेगवान करणे) चालू असेल तरच काम करते, हे नवख्यांनी ध्यानात घ्यावे. मर्यादा ओलांडल्याचे या तपासण्यांना दिसताच प्रोग्राम थांबतो. थांबलेला माग पुन्हा सुरू करता येतो, पण चुकीची विणलेली चादर उसवता येत नाही, त्यामुळे हा सौदा मला मान्य आहे.

वेगाची अडचण आली ती फक्त एका ठिकाणी, चित्रातील रंग कमी करणाऱ्या सर्वांत आतल्या लूपमध्ये. तेथे तपासणीमुळे प्रत्येक फेरीत लूपमधून बाहेर पडण्याची शक्यता उरल्यामुळे कंपायलरला एका वेळी अनेक पिक्सेलांवर काम करणारा कोड तयार करता येत नव्हता. आम्ही लूपच्या आधी लांबी एकदाच तपासली आणि आत साधा पॉइंटर (तपासणीविना मेमरीचा थेट पत्ता) वापरला. त्या दहा-बारा ओळी मात्र आता प्रत्येक बदलानंतर सॅनिटायझरखाली चालवतो. मोजून पाहिल्याशिवाय अन्यत्र कोठेही तपासणी काढलेली नाही.

जीसीसी १४ पासून ‘हार्डन्ड’ हा एकच पर्याय वरील तिन्ही संरक्षणे एकत्र चालू करतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने तोच आधी लावावा आणि आपल्या सर्वांत मोठ्या डिझाइनवर घड्याळ लावून पाहावे.