ॲक्रोबॅटचं प्रीफ्लाइट प्लगइन: दिवाळी अंकांपासून शाळेच्या वह्यांपर्यंत वापरल्यावर

ॲक्रोबॅट या पीडीएफच्या प्रोग्रामला जोडायचं हे प्रीफ्लाइटचं, म्हणजे छपाईआधी फाइल तपासायचं, प्लगइन (जोड-प्रोग्राम) आमच्या छापखान्यात गेल्या दिवाळी अंकांच्या हंगामात घेतलं. मधे लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका झाल्या आणि आता वह्यांची कव्हरं सुरू आहेत. त्यामुळे आता त्याबद्दल खात्रीने लिहिता येईल. नाव देत नाही, कारण यातले बहुतेक त्रास या जातीच्या कुठल्याही प्लगइनला होऊ शकतात, आणि ते सोडवायची रीतही तीच आहे.

आधी ते कशासाठी घेतलं ते सांगतो. ॲक्रोबॅट प्रोमध्ये स्वतःचं प्रीफ्लाइट आहेच. फॉन्ट जोडलेला नाही, फोटो आरजीबीत (स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत) आहे, रिझोल्यूशन कमी आहे, हे ते दाखवतं आणि थोडंफार सुधारतंही. पण पानावरची एकच वस्तू निवडून तिचा रंग बदलायचा, किंवा पाच-सहा दुरुस्त्यांची साखळी करून सगळ्या अंकावर चालवायची, तर हे प्लगइन कितीतरी हाताशी आहे.

त्याचं आमच्याकडचं मुख्य काम म्हणजे काळा मजकूर. वर्डमधून किंवा कोरलमधून आलेल्या पीडीएफमध्ये अक्षरांचा काळा बऱ्याचदा आरजीबीतला असतो. तो सीएमवायकेत (निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी या छपाईच्या शायांत) गेला की चारही शाया मिळून काळा होतो. मोठ्या मथळ्याला ते चालून जातं. बारा पॉइंटच्या देवनागरीला नाही. चार शायांच्या चार प्लेटांपैकी एक केसभर सरकली की शिरोरेषेला लाल-निळी किनार येते आणि अनुस्वाराचे दोन ठिपके दिसायला लागतात. प्लगइनच्या ॲक्शनने (लिहून ठेवलेल्या दुरुस्तीने) मजकुराचा काळा फक्त काळ्या प्लेटवर घेता येतो आणि ओव्हरप्रिंटही, म्हणजे खालचा रंग न कापता त्यावरच छापणं, लावता येतं. जाडजूड अंकाचं हे काम चहा येईपर्यंत होतं.

मात्र ॲक्शन लिहिताना गाळणी नीट लावा. 'सगळा मजकूर ओव्हरप्रिंट' असं दिलं, तर गडद पट्टीवरची पांढरी अक्षरंही ओव्हरप्रिंट होतात. पांढऱ्याला शाई नसते, त्यामुळे ती छपाईत गायबच होतात, आणि ओव्हरप्रिंटचा प्रिव्ह्यू बंद असेल तर स्क्रीनवर जागच्या जागी दिसत राहतात. म्हणून 'मजकूर असेल आणि रंग काळा असेल तरच' अशी दुहेरी अट ठेवा. मग 'आउटपुट प्रिव्ह्यू' उघडून एकेक प्लेट बंद-चालू करून बघा. प्लेट काढण्याआधी आम्ही हे प्रत्येक कामाला करतो.

आता त्रासांकडे. सगळ्यात नेहमीचा त्रास म्हणजे ॲक्रोबॅट अपडेट झालं आणि प्लगइनचा मेनूच दिसेना. अशा वेळी लगेच सगळं काढून परत टाकायच्या मागे लागू नका. आधी हेल्पमधल्या 'अबाउट थर्ड-पार्टी प्लगइन्स'मध्ये नाव आहे का ते बघा. नाव असेल तर प्लगइन लोड झालंय, फक्त मेनू हलला आहे. २०२३ पासून आलेल्या नव्या रूपात वरची मेनूपट्टी गेली आणि बऱ्याच गोष्टी डावीकडच्या मेनूच्या पोटात गेल्या. 'डिसेबल न्यू ॲक्रोबॅट' केलं की जुनी मांडणी परत येते. आम्ही सध्या तीच ठेवली आहे.

नावच नसेल, तर प्रेफरन्सेसमध्ये 'जनरल'खाली 'यूज ओन्ली सर्टिफाइड प्लगइन्स'वर टिक आहे का पाहा. ती असली की ॲडोबीने प्रमाणित न केलेलं बाहेरचं प्लगइन उघडत नाही. तीही नसेल, तर बहुधा ३२ आणि ६४ बिटचा घोळ असतो. जुनं ॲक्रोबॅट ३२ बिटचं असेल आणि नवं ६४ बिटचं बसलं असेल, तर ३२ बिटचं प्लगइन त्यात चालणारच नाही. विंडोजवर प्लगइनची एपीआय एक्स्टेन्शनची फाइल ॲक्रोबॅटच्या 'प्लग अंडरस्कोअर इन्स' फोल्डरमध्ये असते. तो फोल्डर साध्या 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये आहे की एक्स८६ वाल्या, यावरून अंदाज येतो. जुनी फाइल उचलून नव्या फोल्डरमध्ये टाकल्याने काही होत नाही, ६४ बिटचा इन्स्टॉलरच आणावा लागतो.

ॲक्रोबॅट उघडतानाच बंद पडत असेल, तर सुरू केल्या केल्या शिफ्ट दाबून धरा. प्लगइन्स न घेता ते उघडतं. तसं नीट उघडलं तर दोष प्लगइनकडचा, नाहीतर दुसरीकडे शोधा. या एका चाचणीने आमचा पुष्कळ वेळ वाचलाय.

यापेक्षा खोल त्रास मराठी नावांचा निघाला, आणि त्याबद्दल कुठल्याही मॅन्युअलमध्ये ओळ सापडली नाही. एकेक फाइल उघडून काम केलं की सगळं सुरळीत. तीच फाइल बॅचमध्ये (अनेक फाइलींवर एकदम चालणाऱ्या कामात) टाकली की 'फाइल सापडत नाही'. फाइल समोर दिसते, उघडते, आणि प्लगइन म्हणतं सापडत नाही. त्याची लॉग फाइल (केलेल्या कामाची नोंद) नोटपॅडमध्ये उघडली तेव्हा उलगडा झाला. 'दिवाळी अंक अंतिम' असं नाव असायला हवं होतं, तिथे नुसती प्रश्नचिन्हांची रांग होती.

कारण असं. जुन्या पद्धतीने लिहिलेले प्रोग्राम फाइलचं नाव विंडोजच्या 'कोड पेज'मधून, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठलं अक्षर याच्या जुन्या तक्त्यातून, वाचतात. रशियन, ग्रीक, थाई यांना विंडोजमध्ये असं कोड पेज आहे. देवनागरीला नाही, ती तिथे फक्त युनिकोडमधूनच (सगळ्या लिप्यांच्या एकत्र तक्त्यातून) चालते. त्यामुळे प्लगइनचा नवा भाग नाव नीट वाचतो, आणि बॅचचा जुना भाग त्याच नावाची प्रश्नचिन्हं करतो.

आमचा उपाय साधा आहे. डी ड्राइव्हवर 'इन' आणि 'आउट' असे दोन फोल्डर इंग्रजी नावांचे, आणि आलेल्या प्रत्येक फाइलला जॉब नंबरचं नाव. ग्राहकाने दिलेलं मराठी नाव जॉब कार्डावर राहतं. एवढं करूनही अडलं, तर विंडोजचं युजर अकाउंट मराठी नावाने केलंय का बघा. तात्पुरत्या फाइलींचा रस्ता त्या नावावरून जातो, आणि तिथे गाडी परत अडते. टेम्पचा रस्ता इंग्रजी नावाच्या फोल्डरकडे वळवला की सुटतं.

विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये 'यूटीएफ-८'ची (युनिकोड साठवायच्या पद्धतीची) एक टिक आहे, तिच्यावर अजून 'बीटा' लिहिलेलं आहे. ती लावल्यावर बॅच मराठी नावं वाचायला लागली, हे खरं. पण जुने, युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट याच कोड पेजच्या जागांवर बेतलेले असतात, आणि त्या फॉन्टवर चालणारे जुने प्रोग्राम टिक लावल्यावर भलतीच अक्षरं दाखवू शकतात. ज्यांच्याकडे अजून जुन्या फॉन्टमधलं काम येतं, त्यांनी त्या मशीनवर ही टिक लावू नये.

आता मजकूर बदलण्याचं साधन. इंग्रजीला उत्तम आहे, मराठीला वापरू नका. पीडीएफमध्ये देवनागरी अक्षरं पानावर दिसतात त्या क्रमाने ठेवलेली असतात. 'निवड'मधली ऱ्हस्व वेलांटी तिथे 'न'च्या आधी असते. हे साधन जोडाक्षरं नव्याने बांधत नाही, त्यामुळे वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. शिवाय फॉन्ट बहुधा तुकड्यानेच जोडलेला असतो, म्हणजे त्या फाइलमध्ये आलेलीच अक्षरं त्यात असतात. पत्रिकेत कुठेही 'ळ' नसेल, तर तुम्ही टाकलेल्या 'ळ'च्या जागी रिकामी चौकट येते. आडनाव चुकलेली पत्रिका मूळ इनडिझाइन फाइलमध्येच दुरुस्त करून मागवावी, हे मी ग्राहकांना आता आग्रहाने सांगतो, कारण लग्नघरात चुकीचं नाव छापून जाणं ही क्षुल्लक गोष्ट नाही.

बाकी वेग ठीक आहे. वर्षाचं भाडं लहान छापखान्याला जाणवण्याइतकं आहे. मदतीला ईमेल करावा लागतो. लॉग फाइल आणि ॲक्रोबॅटचा पूर्ण व्हर्जन नंबर पहिल्याच पत्रात जोडला, की उत्तर नेमकं येतं.

मुदत संपली की आम्ही परत घेणार आहोत, पण फक्त प्लेट काढण्याआधीच्या तपासणीच्या मशीनसाठी. तुम्ही चाचणीची प्रत घेणार असाल, तर कंपनीच्या नमुना फाइलवर ती वाया घालवू नका. तुमच्याकडचा एखादा जाड अंक घ्या, ज्याचं नाव मराठीत आहे, निम्मा मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे आणि कुठेतरी गडद पट्टीवर पांढरा मथळा आहे. तो बॅचमध्ये टाका आणि लॉग वाचा.