तिखटातला सुदान पकडणारी पट्टी: धंद्याला कामाची, घरी नको

कोपरखैरण्यात माझा आगरी मसाल्याचा घरगुती धंदा आहे. एरवी मिरची अख्खी आणून, वाळवून डंकावर कुटून घेते. पण एप्रिल-मे महिन्यांत हात पुरत नाहीत, मग वाशीच्या मसाला मार्केटमधून तयार तिखट उचलावं लागतं. नमुन्याची पुडी लालभडक दिसली की मला आनंद होत नाही, शंका येते. म्हणून तिखटात भेसळ केलेला सुदान हा लाल रंग पकडणाऱ्या पट्ट्यांचं हे किट मागवलं.

पाण्यात तिखट टाकून रंगाचे ओघळ बघायची युक्ती सगळ्यांना ठाऊक आहे. सुदानसमोर ती फुकट. हा पॉलिशमध्ये, मेणात वापरायचा रंग. तेलात विरघळतो, पाण्यात नाही. आणि मिरचीचा स्वतःचा रंगही तेलातच उतरतो, त्यामुळे तेलात टाकूनही डोळ्यांना फरक कळत नाही. पट्टीतली अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक पदार्थाला चिकटणारं प्रथिन, मात्र मुख्यतः सुदानला धरते. नमुन्यात सुदान असला की ती त्यातच अडकते आणि चाचणीची रेघ उमटत नाही. म्हणजे कोरोनाच्या किटच्या बरोबर उलटं: दोन रेघा आल्या तर माल घ्या, कंट्रोलची (पट्टी नीट चालते हे दाखवणारी) एकटीच आली तर पुडी परत करा. माहितीपत्रक बारीक इंग्रजीत आहे. मी दोन्ही पट्ट्यांचं चित्र काढून भिंतीवर लावलंय, कामावरच्या मावशी आता बिनचूक वाचतात.

त्रास रेघ फिकी आली की होतो. द्रावणात उतरवलेला तिखटाचा अर्क नीट पातळ केला नाही तर मिरचीच्याच लालीने पट्टी रंगते आणि काही समजत नाही. तिखटातून रंग उतरवायचं हे द्रावण उग्र आहे. गॅसजवळ, पोरांच्या हाताशी अजिबात नको. शिवाय अँटीबॉडी सुदानच्या भावंडांना, म्हणजे त्याच्यासारख्याच इतर रंगांनाही थोडीफार धरू शकते, म्हणून पट्टीच्या जोरावर व्यापाऱ्याशी भांडू नका, त्याच पोत्यातला नमुना प्रयोगशाळेत पाठवा. बाहेरदेशी माल धाडणाऱ्यांना तो अहवाल लागतोच. 2005 मध्ये ब्रिटनमध्ये सुदान असलेल्या तिखटाचा एक सॉस शेकडो पदार्थांत गेला होता, ते सगळे दुकानांतून परत मागवावे लागले.

महिन्याला पाव किलो तिखट आणणाऱ्या घराला हा खर्च परवडणारा नाही. पोती घेणाऱ्याने जरूर ठेवावं. माझ्याकडून पाचपैकी चार तारे.

एक तारा विक्रेत्यामुळे गेला. हळदीलाही हीच पट्टी चालेल, असं तो बिनदिक्कत सांगतो. हळदीत मिसळतात तो मेटॅनिल यलो नावाचा पिवळा रंग. त्याला अँटीबॉडी वेगळी, किटही वेगळं घ्यावं लागतं.