छातीला बांधायचा हार्ट रेट पट्टा : उठून उभं राहताना होतं ते सगळं यात दिसतं

पाच महिने रोज वापरून मग लिहितेय. या पट्ट्याचे जेवढे रिव्ह्यू वाचले ते सगळे धावणाऱ्यांचे नाहीतर सायकलवाल्यांचे, घामात टिकतो का, ब्लूटूथ तुटतं का वगैरे. मी धावत नाही. मला हा पाहिजे होता फक्त झोपलेलं असताना आणि उठून उभं राहिल्यावर नाडी किती बदलते ते बघायला, आणि त्या कामासाठी याच्याबद्दल कोणीच काही लिहिलेलं नव्हतं म्हणून जरा सविस्तर सांगते.

झालं असं की मोठा ताप येऊन गेला, दोन आठवडे अंथरुणातच होते, आणि बरी झाल्यावर पलंगावरून उठलं की डोळ्यासमोर अंधारी यायची, भिंत धरल्याशिवाय पाऊल टाकता यायचं नाही आणि धडधड तर इतकी की कानात ऐकू यायची. डॉक्टरांनी पडलेलं असताना आणि उभं करून बीपी घेतलं, रक्त तपासलं, पाणी वाढवायला सांगितलं आणि म्हणाले घरी रोज सकाळी आडवं असताना आणि उभं राहिल्यावरची नाडी लिहून ठेवा. हातात स्मार्टवॉच होतंच, म्हटलं सोपंय. पण घड्याळ काय करायचं, पडून ६४, मी उठले, अंधारी आली, गेलीसुद्धा, आणि घड्याळावर अजून ६६च! मग बऱ्याच वेळाने ८८ वगैरे. म्हणजे जेव्हा त्रास व्हायचा नेमकं तेव्हाचंच काही नाही.

यात घड्याळ बिघडलेलं नसतं बरं का. ते मनगटाच्या कातडीवर प्रकाश टाकून रक्ताची लाट मोजतं आणि आकडा डळमळू नये म्हणून काही सेकंदांची सरासरी काढतं, त्यात उठताना हात हलतो तेव्हा आणखी गोंधळ. छातीचा पट्टा हृदयाचा विजेचा सिग्नल पकडतो, ईसीजीसारखा, त्यामुळे प्रत्येक ठोका वेगळा कळतो आणि दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदात मिळतं.

पहिल्याच सकाळी जो ग्राफ आला तो मी कितीतरी वेळ नुसता बघत बसले. पडून ६२, पाय खाली टाकून उभी राहिले आणि रेघ सरळ वर, साधारण बाराव्या सेकंदाला १०४, मग तितक्याच झपाट्याने खाली, विसाव्या सेकंदाच्या आसपास ८४, आणि त्यानंतर हळूहळू ८८ ला स्थिर. आधी वाटलं सेन्सर चुकला. पुन्हा पडले, पुन्हा उठले, परत तोच डोंगर. मग डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले हे असंच असतं, निरोगी माणसातही असतं, फक्त डोंगराची उंची कमीजास्त.

कारण असं की आपण उभे राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं, हृदयाकडे परत येणारं रक्त कमी होतं, दर ठोक्याला बाहेर फेकलं जाणारं रक्तही कमी. मानेतल्या रोहिणीत आणि महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या) कमानीत दाब ओळखणाऱ्या नसा असतात, त्यांना हे लगेच कळतं. पहिल्यांदा व्हेगस नर्व्ह, म्हणजे हृदयाचा वेग आवरून धरणारी नस, आपला ब्रेक सोडते, ते एका-दोन ठोक्यातच होतं म्हणून सुरुवातीची उडी एवढी झटपट. सिम्पथेटिक नसांचं (हृदयाचा वेग वाढवणाऱ्या आणि रक्तवाहिन्या आवळणाऱ्या) काम त्यानंतर काही सेकंदांनी सुरू होतं, रक्तवाहिन्या आवळतात, दाब सावरतो, आणि दाब सावरला की व्हेगस पुन्हा थोडा ब्रेक लावते, म्हणून तो उतार. माझी अंधारी बरोब्बर त्या चढावर यायची आणि उतार लागला की जायची. घड्याळात हे कधीच दिसलं नसतं.

याच डोंगरावर एक जुनी तपासणी आहे. मधुमेहात नसा खराब झाल्यात का हे बघायला एडिंबराच्या ईविंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मांडली, उभं राहिल्यावर साधारण तिसाव्या ठोक्याजवळचं सगळ्यात लांब अंतर भागिले पंधराव्या ठोक्याजवळचं सगळ्यात कमी अंतर. १.०४ किंवा जास्त आलं तर ठीक धरायचे, १ किंवा कमी म्हणजे हृदय उठण्याबसण्याला दादच देत नाहीये. माझं ७१४ भागिले ५७७, म्हणजे १.२४ आलं. वयानुसार हे उतरतं, म्हणून आकडा बघून स्वतःच घाबरू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि इथेच माझी मोठी तक्रार आहे. पट्टा हे सगळं मोजतो, पण कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप ठोक्यांमधली अंतरं बाहेर काढूच देत नाही! त्यात एक 'उभं राहण्याची चाचणी' आहे, ती करून झाल्यावर ग्राफ नाही, अंतरं नाहीत, नुसता एक रंगीत स्कोर. मला एका दुसऱ्या साध्या अ‍ॅपला पट्टा जोडावा लागला तेव्हा कुठे खरा डेटा हातात आला. बरं, उभी राहिले की यांचं अ‍ॅप 'तणाव वाढला आहे' असा मेसेज टाकतं. अहो तणाव नाहीये, मी उभी राहिलेय! आजारातून उठलेल्या माणसाला असले मेसेज दाखवणं मला खरंच चुकीचं वाटतं, पहिल्या आठवड्यात त्यानेच जास्त भीती वाटली.

पट्ट्याचं म्हणाल तर आतल्या सेन्सरच्या पट्ट्या कोरड्या असल्या की पहिलं मिनिटभर १८०, १९० असले काहीही आकडे येतात, त्यामुळे बांधायच्या आधी आतून पाण्याने नीट ओल्या करायच्याच. पडलेलं असताना, बसल्यावर, उभं असताना छान चालतो. पोटावर झोपलं की दाबून सरकतो आणि ठोके गाळतो. उकिडवं बसून बघायचं होतं, कारण उकिडवं बसलं की पायातलं रक्त वर ढकललं जातं आणि नाडी खाली येते, पण पुढे वाकल्यावर पट्टा छातीपासून सुटतो, चार वेळा करून एकदाच नीट ग्राफ मिळाला. सेल मात्र पाच महिने झाले तोच आहे.

मी कसं मोजते ते सांगते कारण यात चुकलं तर सगळेच आकडे फुकट. उठायच्या आधी दहा मिनिटं शांत पडायचं, मग एका झटक्यात उभं राहायचं आणि दहा मिनिटं न बोलता, पाय न हलवता थांबायचं. पाय हलवले की पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर पंप करतात आणि नाडी कमी दिसते. (तेच उलट अंधारी येत असेल तेव्हा उपयोगी, पोटऱ्या आवळायच्या, पाय एकमेकांवर घट्ट दाबायचे, मला खूप फरक पडला.) घरातलं कोणीतरी शेजारी पाहिजेच, पडून डोकं आपटलं तर काय करता. आणि रोज त्याच वेळी, सकाळचे आकडे संध्याकाळपेक्षा नेहमी वाईट असतात, उकाड्यात आणि पाणी कमी प्यायलं की आणखी.

साधारणपणे उभं राहून स्थिरावल्यावर १० ते २० ठोके वाढले तर काळजी नसते. मोठ्यांमध्ये दहा मिनिटांच्या आत ३० किंवा जास्त वाढून तशीच राहिली, १२ ते १९ वयात ४०, बीपी न पडता, आणि त्रास तीन महिन्यांहून जास्त चाललाय, तर डॉक्टर पॉट्सचा (उभं राहिलं की नाडी फार वाढते तो आजार) विचार करतात. माझी वाढ २६ होती. इथे लक्षात घ्या की सुरुवातीचा डोंगर यात धरत नाहीत, मी आधी १०४ वजा ६२ करून ४२ म्हणून दोन दिवस रडत होते.

पण पट्ट्याला बीपी कळत नाही आणि ही खूप मोठी गोष्ट आहे. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० किंवा खालचं १० ने उतरलं आणि नाडी मात्र जेमतेम वाढली, तर ग्राफ दिसायला एकदम शांत, छान दिसेल आणि माणूस चक्कर येऊन पडेल. वयस्कर माणसं, बरीच वर्षं मधुमेह असलेले, बीटा ब्लॉकर (नाडी कमी ठेवणारी औषधं) घेणारे यांच्यासाठी नुसता पट्टा घेऊ नका, दंडाला लावायचं बीपी मशीन सोबत पाहिजेच. पेसमेकर असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच बांधा.

मी पाचपैकी चार देतेय, एक गेला तो त्या अ‍ॅपमुळे. गेल्या आठवड्यात पडून ६१, टोक ९३, स्थिर ७५. साईझ घेताना छातीचा घेर श्वास सोडून मोजा, मी श्वास भरून मोजला आणि पट्टा एक साईझ मोठा आला, तो बदलून घ्यायला आठ दिवस गेले.