फरशीतली ऊब, भिंतीलगतचे बेसबोर्ड, की दोन्ही?

हिवाळ्यात घर उबदार ठेवायला तीन पर्याय होते: सगळीकडे फ्लोअर हीटिंग (फरशीखालच्या पाइपांतून फिरणारं गरम पाणी), सगळीकडे गरम पाण्याचे बेसबोर्ड (भिंतीच्या तळाशी लावलेले लांबट हीटर, आत पातळ पत्रे बसवलेली गरम पाण्याची नळी), नाहीतर खालच्या मजल्यावर फरशी आणि वर झोपायच्या खोल्यांत बेसबोर्ड. मी तिसरा घेतला. आज पुन्हा ठरवायची वेळ आली तरी बहुधा तोच घेईन, पण एका अटीवर.

फरशीचं सुख वेगळं सांगायला नको. तळपाय उबदार असले की थर्मोस्टॅट दीड-दोन अंश खाली ठेवूनही गारठा जाणवत नाही, निदान आमच्याकडे तरी. अडचण आहे तिच्या संथपणाची. पाइप कोब्यात असतील तर तो तापायला कित्येक तास घेतो आणि निवायलाही. थंडी ओसरू लागली की दुपारी खिडकीतून ऊन येतं, बॉयलर केव्हाच बंद झालेला असतो, तरी फरशी रात्रीपर्यंत ऊब सोडत राहते. बैठकीत ते खपून जातं. झोपताना मला ते नकोसं होतं.

बेसबोर्डने खोली पाऊण तासाच्या आत उबदार होते. त्याच्यापुढे कपाट लावता येत नाही, पत्र्यांमध्ये धूळ अडकते, तेही सोसलं. सोसवला नाही तो आवाज. पहाटे गरम पाणी आलं की तांब्याची नळी लांबते, आधारांवर घासते आणि टक्-टक् सुरू होते. पहिला अख्खा हिवाळा मी त्या आवाजाने जागा झालो. सगळं उखडून टाकावं इथपर्यंत विचार गेला होता.

नळीखाली प्लॅस्टिकच्या सरकपट्ट्या घातल्या, थोडा फरक पडला. खरा फरक पडला तो पाणी कमी गरम ठेवल्यावर. बेसबोर्डला सहसा ७० ते ८० अंशांचं पाणी देतात, फरशीला ३० ते ४५ पुरतं. म्हणून तर मध्ये मिक्सिंग व्हॉल्व्ह लागतो, तो गरम पाण्यात परतीचं निवलेलं पाणी मिसळून तापमान उतरवतो. आम्ही बाहेरच्या हवेनुसार पाण्याचं तापमान ठरवणारा कंट्रोल बसवला. आता वर साधारण ५० अंशांचं पाणी सतत फिरतं, नळी एकदम तापत नाही आणि टकटक जवळजवळ थांबली आहे. शिवाय बॉयलरकडे परतणारं पाणी ५५ अंशांच्या खाली राहिल्यामुळे कंडेन्सिंग बॉयलरचाही (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता वापरणाऱ्या बॉयलरचा) खरा फायदा मिळतो. हीट पंप (बाहेरची उष्णता ओढून घरात आणणारं यंत्र) घेणार असाल तर कमी तापमान आणखीच महत्त्वाचं.

अट आहे ती इथे. ८० ऐवजी ५० अंशांवर तोच बेसबोर्ड निम्म्याहूनही कमी उष्णता देतो, म्हणजे लांबी दुपटीहून जास्त हवी. आमच्या दोन खोल्यांत नंतर समोरच्या भिंतीलाही बेसबोर्ड लावावे लागले. हा हिशेब पलंग-कपाटांच्या जागा ठरवण्याआधीच करा. भिंतीला तेवढी मोकळी जागा नसेल, तर वरही फरशीच घ्यावी असं मला वाटतं. फक्त पाइप कोब्यात न पुरता लाकडी तळाखाली ॲल्युमिनियमच्या पत्र्यांवर बसवून घ्या, ती फरशी त्यामानाने लवकर तापते आणि लवकर निवते.