सोळा फुटी फायबर बोट: एक हंगाम गरवल्यानंतर

बोट ओढून वर घेतली, साचलेलं पाणी काढायच्या मागच्या भोकाचं बूच काढलं, तर पाण्याबरोबर तपकिरी ओघळ. कारखान्यात फोन केला. "खाऱ्या पाण्यात एवढं होणारच हो!" विकताना हीच मंडळी 'खास खाडीसाठी' म्हणत होती.

बोटीत पाणी येणं चालतं, तपकिरी रंग नाही चालत. ट्रान्सममध्ये, म्हणजे मशीन (इंजिन) अडकवतात त्या मागच्या फळीत, फायबरच्या थरांमध्ये प्लायवूड असतं. ते भिजून कुजायला लागलं की असं पाणी सुटतं. बुचाच्या भोकात करंगळी फिरवली, तर प्लायची कड उघडीच. रेझिनचा एक हातही नाही. पितळी नळी ठोकली, वर सिलिकॉन फासलं, झालं काम! प्लाय आयएस 710 चं, म्हणजे मरीन प्लायच्या मानकाचं आहे म्हणे. असेलही; पण कड उघडी ठेवल्यावर तेही पाणी पिणारच. वाटीभर रेझिन वाचवून माझ्या गळ्यात ही फळी मारली.

बाकीच्या बोटीबद्दल मात्र मत बदललंय. आतून रंग नाही, खडबडीत आहे म्हणून सुरुवातीला मी नावं ठेवत होतो. आता तेच बरं वाटतं. रंग नसला की फायबरची मॅट कुठे रेझिनविना कोरडी राहिली तर पांढरट दिसते, हवेचे बुडबुडे दिसतात. शेजाऱ्याची बोट आतून गुळगुळीत, करड्या रंगाची. खाली काय दडलंय देव जाणे. माझ्या हलवर, म्हणजे बोटीच्या मुख्य कवचावर, नाण्याने टकटक करत पुढून मागे गेलो, सगळीकडे टणक आवाज, भद्द कुठेच नाही. खाडीच्या तोंडाशी लाट आपटते तेव्हाही तळ लवत नाही. जिताड्याच्या नादात तिथे तासन्‌तास बसतो, तेव्हा हे खात्रीने सांगतो.

दोरी बांधायच्या क्लीटचे स्क्रू नुसते फायबरमध्ये पिळलेले होते. तिथे आरपार नटबोल्ट आणि खालून प्लेट घातली. जुनं स्टेनलेस स्टील 304 ग्रेडचं निघालं, तांबूस डागांनी भरलेलं. 316 महाग, पण मोलिब्डेनममुळे खाऱ्या हवेत जास्त टिकतं. दुकानात चुंबक लावून फरक शोधू नका, सहसा दोन्हींना चिकटत नाही.

फळीचं काम मासेमारी बंदीच्या काळात, बोट शाकारलेली असताना काढलं. पावसाळ्यात लाकूड सुकतंय कुठलं! हॅलोजन लावून सुकवलं, विजेचं बिल वेगळं. कुजकं कोरून काढलं, भोक मुद्दाम मोठं केलं, इपॉक्सीने पूर्ण भरलं आणि त्या इपॉक्सीतूनच नळीपुरतं नवं भोक पाडलं. मशीनच्या बोल्टांनाही तेच केलं. कारखान्यात हे तासाभराचं काम होतं.

जुनी बोट बघायला गेलात तर मशीन वर उचलून त्याचा पाय धरा, खालीवर हलवा आणि नजर फळीवर ठेवा. फळी लवली तर चहा पिऊन परत या. नवी असेल तर बूच बसवायच्या आधी जा, करंगळी घालून बघा.

कारखान्याने शेवटी रेझिनचा एक डबा फुकट देऊ केलाय. कुरियरचा खर्च माझा. तेवढ्यात गावातच डबा येतो.