बेळगावातला ख्रिस्ती तरुणांचा निवासी लीडरशिप-करिअर प्रोग्राम: नऊ महिने राहून आलो, खरं काय ते सांगतो

जय ख्रिस्त सगळ्यांना. गेल्या दोन महिन्यांत आमच्या मंडळीतल्या तीन घरातनं मला फोन आले, आमच्या पोराला तिकडं घालू काय, तू जाऊन आलायस नव्हं, खरं काय ते सांग. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकतो. प्रोग्रामचं नाव घालत नाही, कारण यात तक्रारी पण आहेत, त्या मी त्यांच्या ऑफिसात बसून समोरासमोर सांगितल्यात आणि मला कुणाचं नाव खराब करायचं नाही. आपल्या पाळकसाहेबांना विचारा, त्यांना माहीत असतंय.

आधीच सांगतो, काम शिकायला आणि माणसांत राहायला शिकायला हा प्रोग्राम लै चांगला आहे, पण मराठी मीडियमच्या पोरापोरींनी भाषेचं आधी विचारून घ्यायला पाहिजे. पाचपैकी साडेतीन स्टार देतो. दीड स्टार कापला तो बराचसा भाषेसाठीच.

मी खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या अलीकडच्या एका गावचा. एसएसएलसीपर्यंत म्हणजे दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग बेळगावात मेकॅनिकल डिप्लोमा, दोन विषय राहिले होते ते पुढच्या वर्षी काढले, आणि त्यानंतर दीड वर्ष घरात. बाबांना शेतात मदत, रविवारी उपासनेला ढोलकी, शनिवारी तरुण संघाची मीटिंग आणि बाकी वेळ मोबाईल. उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात, चार ठिकाणी बायोडाटा देऊन आलो होतो, एकानंही बोलावलं नाही. शेवटी आईनंच पाळकसाहेबांना गाठलं आणि त्यांनी फॉर्म आणून दिला.

प्रोग्राम काय आहे ते थोडक्यात. वय १८ ते २६, जूनपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत नऊ महिने. आमच्या बॅचला आम्ही चौदाजण, आठ मुलं आणि सहा मुली, दोन वेगळी भाड्याची घरं, मुलींच्या घरात एक नवरा-बायको वॉर्डन म्हणून राहायचे. सोमवार ते गुरुवार कुठंतरी कामावर, शुक्रवारी दिवसभर क्लास, शनिवारी सेवा म्हणजे वृद्धाश्रमात जाणं नाहीतर वस्तीतल्या मुलांची शिकवणी, रविवारी उपासना. शिवाय प्रत्येकाला एक मेंटर, आठवड्यातनं एकदा त्यांच्या घरी जेवायला जायचं आणि मन मोकळं बोलायचं. फी ३६ हजार, तीन हप्त्यांत, राहणं-जेवण धरून.

एक गोष्ट इथंच स्पष्ट करतो कारण फोनवर सगळ्यांचा हाच गोंधळ होता. हे बायबल कॉलेज नव्हे. पाळक व्हायचं असेल, बी.डी. म्हणजे त्याची पदवी करायची असेल तर पुण्याला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे, ती वाट वेगळी. वायवॅम (यूथ विथ अ मिशन) या संस्थेचं डीटीएस, म्हणजे शिष्यत्वाचं ट्रेनिंग, ते पण वेगळं, त्यात साधारण तीन महिने क्लास आणि मग दोन-तीन महिने आउटरीच, म्हणजे बाहेरगावी सेवेला जायचं असतंय. हा प्रोग्राम अशांसाठी आहे ज्यांना नोकरीच करायची आहे, दुकान नाहीतर वर्कशॉपच चालवायचं आहे, पण विश्वासणारा म्हणून ते कसं करायचं हे कुणी शिकवलेलं नाही. पौल स्वतः तंबू करायचं काम करून पोट भरायचा हे आपण लहानपणापासून संडे स्कूलमध्ये ऐकतो, पण सोमवारी सकाळी आठ वाजता मशीनसमोर उभं राहिल्यावर त्याचं काय करायचं हे कुणी सांगत नाही.

आता कामाचं सांगतो, कारण खरी कमाई इथं झाली. मला उद्यमबागेतल्या एका सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, वर्कशॉपमध्ये घातलं. मालक मराठीच, ख्रिस्ती नव्हेत, पण माणूस सरळ. प्रोग्रामवाल्यांचा एक नियम मला फार आवडला, कामाच्या जागी कुणाला धर्माचं काही सांगायला जायचं नाही, कुणी स्वतःहून विचारलं तर तेवढंच बोलायचं, नाहीतर तुमचं कामच बोलू दे. पहिला महिना नुसता कानस घेऊन जॉबचे, म्हणजे तयार होणाऱ्या पार्टचे, बर म्हणजे कडेला राहिलेली धातूची कुसं काढायची आणि संध्याकाळी मशीनखालचा चुरा गोळा करायचा. डिप्लोमा करून हे काय, असं वाटायचं आणि घरी फोन केला की रडू यायचं. दुसऱ्या महिन्यापासून इन्स्पेक्शनला बसवलं, व्हर्निअर, मायक्रोमीटर, बोअर गेज, ड्रॉइंग बघून माप टॉलरन्समध्ये, म्हणजे चालेल एवढ्या फरकात, आहे की नाही ते लिहायचं. कॉलेजात व्हर्निअर एकदाच हातात घेतला होता, तो पण चारजणांत एक.

ऑगस्टमध्ये एक प्रसंग झाला तो सांगायलाच पाहिजे. बुशचा एक लॉट होता, दर पाचवा जॉब चेक करायचा असं ठरलेलं, मला घाई होती म्हणून मी दर दहावा केला आणि रिपोर्टवर मात्र सगळं व्यवस्थित असं लिहून सही केली. संध्याकाळी उरलेले सहज तपासले तर बोअर, म्हणजे आतलं भोक, चाळीस मायक्रॉननं मोठा. किती जॉब तसे गेले कुणास ठाऊक, पेट्या तर बांधून तयार. त्या दिवशी नेमकं मेंटर काकांकडं जेवायला जायचं होतं. हे काका रेल्वेतनं रिटायर झालेले, घरी कन्नड बोलणारे, पण मराठी फार गोड बोलायचे. मला घास गिळेना, त्यांनी विचारलं, मी सांगून टाकलं. ते म्हणाले, "तम्मा (म्हणजे धाकट्या भावा), आधी जेव. मग मालकाला फोन लाव, मी इथंच बसतो." एवढंच. वचन काढून दाखवलं नाही, उपदेश नाही, खरंच शेजारच्या खुर्चीवर बसून राहिले. मालक चिडले, सकाळी सगळ्या पेट्या फोडून परत तपासल्या, साठच्या वर जॉब बाजूला निघाले, माझा दोन दिवसांचा स्टायपेंड कापला. कापला ते बरोबरच केलं. पण इन्स्पेक्शनच्या बेंचवरनं मला उठवलं नाही.

त्याच आठवड्यात शुक्रवारच्या क्लासात बायबलातलं नहेम्याचं पुस्तक चालू होतं. नऊ महिन्यांतला सगळ्यात चांगला विषय म्हणजे हा. नहेम्या राजा अर्तहशश्तचा प्यालेबरदार, म्हणजे नोकरदार माणूस, याजक नव्हे की संदेष्टा नव्हे. यरुशलेमेत आल्यावर त्यानं आधी भाषण केलं नाही, रात्री थोडी माणसं घेऊन, कुणाला काही न सांगता, मोडलेला कोट स्वतः फिरून बघितला. मी तर इन्स्पेक्शनचाच माणूस, मला ते एकदम कळलं. मग बऱ्याचजणांनी आपापल्या घरासमोरचाच भाग बांधला आणि ५२ दिवसांत कोट उभा राहिला. शिकवणाऱ्या सरांनी प्रत्येकाला विचारलं, तुझ्या घरासमोरचा मोडलेला भाग कुठला? निपाणीची एक बहीण होती, म्हणजे बॅचमधलीच मुलगी, आम्ही एकमेकांना भाऊ-बहीण म्हणतो, तिची आई विड्या वळायची, तिनं सांगितलं की आमच्या गल्लीत एकाही बाईला बँकेचा फॉर्म भरता येत नाही. ती एका अकाउंटंटच्या ऑफिसात टॅली आणि जीएसटीचं काम शिकत होती. पुढं दर महिन्याला घरी गेली की रविवारी दुपारी ती बायकांना फॉर्म भरायला शिकवायला लागली, अजून शिकवतेय.

आता भाषा. शुक्रवारचे क्लास बहुतेक सगळे इंग्रजीत, मध्ये मध्ये हिंदी. बाहेरून येणारे वक्ते असायचे, त्यांना मराठी-कन्नड येत नाही, मान्य. पण आमच्या चौदाजणांत सहाजण मराठी, चारजण कन्नड, तिघं खानापूरकडचे कोंकणी आणि एक तेलुगू, म्हणजे घरात इंग्रजी बोलणारं एकही नाही. पहिल्याच महिन्यात प्रत्येकानं पाच मिनिटं इंग्रजीत साक्ष द्यायची होती, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं. मी उभा राहिलो, दोन वाक्यं बोललो आणि पुढं काही सुचेना, खाली बसलो. माझ्या मूल्यमापनाच्या फॉर्मवर लिहून आलं, आत्मविश्वास कमी, पुढाकार कमी. तो कागद मी अजून ठेवलाय. गावात तरुण संघ मी चालवत होतो, महापुराच्या वेळी चाळीस घरांचं धान्य वाटप मी केलं होतं, आणि इथं पुढाकार कमी. आमच्यातली दोघं तर याच कारणानं तिसऱ्या महिन्यात सोडून गेली, त्यातल्या एकाचा आवाज असा होता की तो प्रार्थना करायला लागला की घर गप्प व्हायचं. त्याला तेवढं इंग्रजी येत नव्हतं म्हणून तो लीडर नव्हे असं त्याला वाटून गेलं, हे मला आजही सलतंय.

मिशनवाल्यांनी आपल्याकडं कामं केली ती अशी केली काय? पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तीत बायकांना आसरा दिला, विणकाम, छपाई असे हाताला धंदे दिले, आणि सोबत मूळ हिब्रू-ग्रीकवरनं साध्या मराठीत बायबल केलं, का तर साध्या बायकांना वाचून कळावं म्हणून. १९२२ ला त्या वारल्या, १९२४ ला ते छापून झालं, तिथल्याच छापखान्यात. धारवाड-हुबळीकडं स्वित्झर्लंडचं बासेल मिशन आलं, त्यांनी मंगळूरला कौलांचे कारखाने काढून लोकांना काम दिलं आणि त्यांच्यातल्याच किटेलसाहेबांनी कन्नड शिकून १८९४ ला कन्नड-इंग्रजी शब्दकोश काढला. जर्मनीतनं आलेला माणूस एवढी कन्नड शिकतो. मग आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांना आपल्याच जिल्ह्यात इंग्रजीतच साक्ष द्यायला का लावायची?

हे मी नोव्हेंबरमध्ये लिहून दिलं. त्यांनी ऐकलं, हे त्यांचं मोठेपण. डिसेंबरपासून ज्याला पाहिजे त्यानं आपल्या भाषेत बोलायचं आणि शेजारच्यानं भाषांतर करायचं असं ठरलं. मी मराठीत बोललो, गोकाकचा मुलगा कन्नडमध्ये सांगत गेला, वीस मिनिटं झाली तरी मला थांबावं वाटेना. पण पुढच्या बॅचला हे चालू आहे की नाही मला खात्रीनं सांगता येत नाही, म्हणून विचारा म्हणतोय.

कन्नडचा क्लास मात्र होता, मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी एक एक तास, आणि तो कुणी चुकवू नये. सीमाभागात राहून कन्नडला पाठ फिरवून पोट भरत नाही. घरात मराठी, प्रार्थना मराठी, त्यात कमीपणा नाही, पण तालुका ऑफिसातला अर्ज, शॉपमधला सुपरवायझर, बसवरची पाटी सगळं कन्नड. मला आता कन्नड वाचता येतं, सही करता येते, आणि हल्लीची नोकरी मिळाली त्यात याचा मोठा वाटा आहे.

पैशाचं पण सांगतो. स्टायपेंड महिन्याला पाच हजार असं तोंडी सांगितलं होतं, तो कामाच्या जागेकडनं आधी प्रोग्रामकडं जायचा आणि मग आम्हाला. सुरुवातीचे तीन महिने आमच्या हातात काहीच आलं नाही, विचारलं की हिशोब चालू आहे. शेवटी मिळाला सगळा, एक रुपया बुडाला नाही, पण तोवर सीबीटीवरनं, म्हणजे बेळगावच्या बसस्टँडवरनं, गावाला जायला बसभाड्याला घरातनं पैसे मागावे लागले आणि ज्या घरात तेच नाहीत त्यांनी काय करायचं. कागदावर लिहून घ्या, किती, कुठल्या तारखेला, कुणाकडनं.

राहण्याजेवणाला नाव ठेवायला जागा नाही. दोघादोघांची पाळी, सकाळी साडेपाचला उठून चौदाजणांचा स्वयंपाक. मी घरात कधी पाण्याचा तांब्या भरून घेतला नव्हता, जूनच्या अखेरीपर्यंत भाकरी थापायला लागलो. बैलहोंगलच्या भावाला जोंधळ्याची कडक भाकरी पाहिजे, आम्हा खानापूरकरांना भात, नंदगडच्या मुलीला मासे नसले तर जेवल्यासारखं वाटत नाही, यावरनं पहिल्या महिन्यात खरी भांडणं झाली, भांडी आपटण्यापर्यंत. नियम असा की भांडण झालं तर रात्रीच्या प्रार्थनेआधी मिटवायचं, नाही मिटलं तर प्रार्थनाच सुरू करायची नाही. एकदा रात्री पावणेबारापर्यंत बसलो होतो. लीडरशिप म्हणून जे काही मला आलं ते मला वाटतं जास्त करून त्या स्वयंपाकघरातच आलं. फोन रात्री नऊनंतर जमा करायचा, त्याचा मला त्रास झाला नाही, काहीजणांना झाला.

शेवटच्या दोन महिन्यांत बायोडाटा, मुलाखतीची तयारी, पीएफ म्हणजे काय, ऑफर लेटरमध्ये काय बघायचं हे शिकवतात, पण फार घाईत. हे सप्टेंबरपासून सुरू करायला पाहिजे. आणि नोकरी लावून देतो असं कुणी सांगितलं तर ते खरं धरू नका, ओळख करून देतात, पुढचं आपल्यावर. मी त्याच शॉपमध्ये क्वालिटीला लागलो, निपाणीची बहीण चिकोडीत एका ऑफिसात आहे, दोघंतिघं अजून शोधतायत.

पीयूसी (बारावी) किंवा डिप्लोमा-आयटीआय करून घरात बसलेलं, हाताला काम पाहिजे असलेलं पोरगं असेल तर पाठवा. मुलींना पण पाठवा, मुलींच्या घराची व्यवस्था मी बघितलीय, काळजी करण्यासारखं काही नाही. घरच्यांनी बळजबरीनं मात्र कुणाला घालू नका, आमच्यातला एक तसा आला होता, त्याचे नऊ महिने वाया गेले आणि दुसऱ्याची जागा पण गेली.

मुलाखत एप्रिलमध्ये असते. जाताना मार्क्स कार्ड, आधार, पाळकसाहेबांचं पत्र आणि दोन फोटो घेऊन जा. तिथं काही विचारायचं आहे काय असं विचारतात, तेव्हा तुमच्या पोराला स्वतः मराठीत विचारू दे की मी साक्ष कुठल्या भाषेत द्यायची. आणखी काही पाहिजे असेल तर रविवारी उपासनेनंतर मी चर्चच्या मागच्या शेडमध्येच असतो, येऊन भेटा.