कराटे वर्ग, लालबाग : पालकांनी जरूर विचार करावा

माझी मुलगी सातवीत आहे. लालबागला आमच्या चाळीजवळच्या मंडळाच्या हॉलमध्ये ती कराटे शिकते. फी महिना ७०० रुपये. पालिकेच्या शाळेतल्या मुलांकडून सर काहीच घेत नाहीत, गणवेशही स्वतः देतात. मला या वर्गात सर्वांत जास्त आवडतं ते हेच.

दुसरी गोष्ट म्हणजे शनिवारचा पडदा. अधूनमधून सर जपानी मारामारीचे प्रसंग लावतात आणि थांबवून थांबवून समजावतात. सर सांगतात, जपानी नट सोनी चिबा हे क्योकुशिन या कराटे प्रकाराचे संस्थापक मासुतात्सु ओयामा यांचे शिष्य. पुढे पडद्यावर त्यांनी आपल्या गुरूंचीच भूमिका केली. १९७० साली त्यांनी 'जपान अ‍ॅक्शन क्लब' काढला आणि मारामारी करू शकणारे नट घडवले. हिरोयुकी सानादा तिथलेच. २०२४च्या 'शोगुन' मालिकेत ते नायक होते आणि निर्मातेही. पेहरावापासून तलवारबाजीपर्यंत सगळं अस्सल दिसावं म्हणून त्यांनी जपानहून जाणकार आणवले. उत्तम अभिनेत्याचं एमी, म्हणजे अमेरिकेतला टीव्हीचा मोठा पुरस्कार, मिळवणारे ते पहिले जपानी. हे ऐकल्यापासून माझी लेक नुसती लाथ मारत नाही, आधी पाय नीट रोवते!

हॉलमध्ये पंखे कमी आहेत आणि पावसाळ्यात मॅट ओलसर राहते. मंडळाने लक्ष घालायला हवं. मुलींसाठी कपडे बदलायला वेगळी खोली आहे. पहिले दोन वर्ग फुकट बसता येतं, तेव्हा आधी मुलांना घेऊन या.